आधी जाऊ, मग बघू? श्टुटगार्टला निघण्यापूर्वी मुंबईत काय उरकावे

भांडुपकर

नमस्कार. माझ्या पतींना जर्मनीत श्टुटगार्ट येथे नोकरी मिळाली असून ते ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा तिथला राहण्याचा आणि कामाचा परवाना) गेल्याच महिन्यात तिकडे रुजू झाले आहेत. मी बी.कॉम. आहे आणि लोअर परळच्या एका कंपनीत लेखा विभागात आठ वर्षे काम करते आहे. व्हाउचर, बँकेचा ताळमेळ, पगारपत्रक आणि जीएसटीची विवरणपत्रे हे सगळे मी टॅलीवर सांभाळते. घरात सध्या दोन मते आहेत. सासूबाई आणि माझे पती म्हणतात, की व्हिसा हाती पडला की लगेच निघावे, भाषा आणि नोकरी यांचे तिथे गेल्यावर बघता येईल. माझी आई म्हणते, की हातातली नोकरी सोडून परक्या मुलखात रिकामे बसण्यापेक्षा सहा महिने थांबावे आणि काहीतरी शिकून जावे.

मला घरी बसायचे नाही, एवढे मला नक्की ठाऊक आहे. आठ वर्षे रोज सकाळी भांडुपहून गाडी पकडून करी रोडला उतरणाऱ्या बाईला दिवसभर नवऱ्याची वाट बघत बसणे जमणार नाही. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे, की तिथे माझ्या कामाला काही किंमत आहे का, आणि निघण्याआधी इथे नेमके काय करून ठेवावे.

पार्लेकर

भांडुपकर ताई, तुमचा प्रश्न वाचताना २०२१ सालची मी मला दिसले. मीही लेखा विभागातलीच, मीही श्टुटगार्टलाच गेले, आणि ‘आधी जाऊ, मग बघू’ हे वाक्य आमच्याही घरात सगळ्यांच्या तोंडी होते. सध्या सुटीसाठी पार्ल्याला आईकडे आले आहे, त्यामुळे निवांतपणे लिहिते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी तिथे पोचले आणि पहिली नोकरी लागली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. या सोळा महिन्यांतले निदान आठ महिने मी अशा कामांत घालवले, जी मुंबईत असताना निम्म्या वेळात आणि निम्म्या मनस्तापात झाली असती. म्हणून माझे उत्तर सरळ आहे: तिथले पहिले वर्ष इथे मुंबईतच सुरू करा.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेचा दाखला लागत नाही आणि तिथे पोचल्यावर कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. पण या सवलतीमुळेच आपण गाफील राहतो. व्हिसाच्या वेळी भाषा कोणी विचारत नाही, म्हणून आपणही शिकत नाही, आणि पहिल्या मुलाखतीत मात्र तीच विचारली जाते. मोठ्या कंपन्यांत संगणकाच्या नोकऱ्या इंग्रजीवर मिळतात, पण हिशेबाचे काम जर्मनमध्ये चालते. बिले, करखात्याची पत्रे, कामगारांचे करार, सगळे जर्मनमध्ये असते.

आता कागदांबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझे सगळ्यांत जास्त दिवस तिथेच गेले.

पहिला प्रश्न नावाचा. माझ्या गुणपत्रिकांवर आधी माहेरचे आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव आहे. पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव आहे. कंपनीच्या पत्रावर नुसतेच नाव आणि माहेरचे आडनाव. आपल्याकडे हे तिन्ही एकाच बाईचे आहेत हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, पण जर्मन अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या तीन वेगवेगळ्या बायका होतात. त्यांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. माझ्या प्रमाणपत्रात माहेरच्या नावात एक अक्षर चुकले होते. ती दुरुस्ती करून घेण्यासाठी आईला इथे वॉर्ड ऑफिसात खेटे घालावे लागले आणि मी तिकडे हात बांधून बसले. तुम्ही आजच सगळे कागद जमिनीवर पसरा, एकेक अक्षर ताडून बघा आणि जिथे फरक असेल तिथे दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या. जन्मदाखला इंग्रजीतून घेऊन ठेवा. जर्मन भाषांतर मात्र मी तिथे गेल्यावर, न्यायालयाने शपथ दिलेल्या अनुवादकाकडूनच करून घेतले आणि ते कुठेही अडले नाही.

दुसरा कागद म्हणजे अनुभवाचे पत्र. इथे मी सगळ्यांत मोठी चूक केली, म्हणून जरा थांबून सांगते. मी नोकरी सोडली तेव्हा कंपनीने दोन ओळींचे पत्र दिले: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत त्या आमच्याकडे कार्यरत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आपल्याकडे हे पत्र पुरेसे असते. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला मालक ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ देतो, म्हणजे कामाचे सविस्तर प्रशस्तिपत्र, आणि ते मागण्याचा कामगाराला कायद्याने हक्क आहे. त्यात कोणती कामे केली ते मुद्देसूद लिहिलेले असते आणि कामाच्या दर्जाबद्दलची वाक्ये एका ठरीव भाषेत असतात. ‘त्यांनी आमचे सदैव पूर्णतम समाधान केले’ असे लिहिले असेल तर काम उत्कृष्ट. ‘सदैव’ आणि ‘पूर्ण’ असेल तर चांगले. नुसते ‘पूर्ण समाधान’ म्हणजे ठीक. आणि ‘आमच्या समाधानाप्रमाणे काम केले’ असे वाक्य आले, तर आपल्याला ते कौतुक वाटते, पण तिथला वाचणारा त्याचा अर्थ जेमतेम असा घेतो. जे लिहिलेले नाही तेही वाचले जाते. माझ्या पत्रात वर्तणूक होती आणि कामाबद्दल अवाक्षर नव्हते. एका समुपदेशक बाईंनी मला ते पत्र समोर ठेवून शांतपणे सांगितले, की हे वाचणारा माणूस समजेल, की बाई स्वभावाने बरी होती आणि कामात काही सांगण्यासारखे नव्हते. सहा वर्षांचे काम त्या एका कोऱ्या जागेत गेले, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

तेव्हा राजीनामा देण्याआधी तुमच्या वरिष्ठांकडून कंपनीच्या लेटरहेडवर दीड-दोन पानी पत्र घ्या. त्यात आठ वर्षांत काय काय केले ते एकेक करून लिहिलेले असावे: महिन्याला साधारण किती व्हाउचर, किती माणसांचे पगारपत्रक, कोणती विवरणपत्रे, ऑडिटच्या वेळी कोणती जबाबदारी. नोकरी सुटल्यानंतर असे पत्र मागणे फार अवघड जाते, कारण माणसे बदलतात आणि आपण दूर असतो.

पदवीसाठी ‘अनाबिन’ नावाची, परदेशी पदव्या आणि विद्यापीठे तिथे कितपत मान्य आहेत हे सांगणारी जर्मन सरकारी माहितीसूची संगणकावर मोफत बघता येते. तिथे आपले विद्यापीठ कोणत्या वर्गात आहे ते पाहून ठेवा.

आणि भाषा. ताई, मराठी माणसाला जर्मन शिकताना जो आधार आहे तो फार थोड्यांना असतो. त्यांची तीन लिंगे आहेत, आपलीही तीन: तो, ती, ते. हिंदी भाषक मैत्रिणी वर्गात नपुंसकलिंगापाशी अडायच्या, आपल्याला ती कल्पनाच नवी नसते. अर्थात कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे पाठच करावे लागते. आपले दार नपुंसकलिंगी, त्यांचे स्त्रीलिंगी. आपली मुलगी ‘ती’ आणि त्यांची मुलगी ‘ते’. आकडेही तसेच. त्यांच्याकडे पस्तीस म्हणताना पाच आधी आणि तीस नंतर येतात, आणि इंग्रजीवर वाढलेल्यांची तिथे त्रेधा उडते. आपण लहानपणापासून पस्तीस, शेहेचाळीस असेच म्हणत आलो आहोत. फोनवर कोणी बिलाचा आकडा सांगितला तर तो मनात मराठीतूनच ऐका, चुकणार नाही.

गोरेगावकर

मी चार वर्षे श्टुटगार्टमध्ये काढून २०२३ मध्ये परत आलो. पार्लेकर यांनी कागदांबद्दल लिहिलेले सर्व खरे आहे, परंतु भाषेसाठी मुंबईत थांबण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. नवरा-बायकोने पहिले वर्ष वेगवेगळे काढणे याची किंमत आपण मोजत नाही. माझी पत्नी सात महिने मागे राहिली आणि तिने इथे वर्ग करून दाखलाही मिळवला, तरी तिथे उतरल्यावर बेकरीतल्या बाईचे एक वाक्य तिला समजेना. श्टुटगार्टमध्ये श्वेबियन बोली बोलतात, आणि ती कोणत्याही पुस्तकात नसते. प्रत्येक शब्दाला शेवटी ‘ले’ लावतात, अभिवादनही वेगळे. तिथे रोज कानावर पडले की जे तीन महिन्यांत येते, ते इथे वर्षभर वर्गात बसून येत नाही.

शिवाय तिथे गेल्यावर सरकारी इंटिग्रेशन अभ्यासक्रम असतो. सर्वसाधारणपणे त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास व समाज यांची ओळख असते. तो सोडून इथे पदरचे पैसे का घालवावेत, असा माझा प्रश्न आहे.

परळकर

मी परळला एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि सध्या जर्मन भाषेच्या बी-टू पातळीची तयारी करते आहे (ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांत बी-वन तिसरी आणि बी-टू चौथी). ताई लेखा विभागातल्या आहेत, त्यामुळे त्यांचे गणित वेगळे आहे, पण हा धागा वाचणाऱ्या परिचारिकांसाठी लिहिते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि शाळेतील शिक्षक यांचे व्यवसाय जर्मनीत नियंत्रित आहेत. तुमची पात्रता तिथल्या राज्याने मान्य केल्याशिवाय तुम्हाला त्या पदावर काम करता येत नाही. परिचारिकेला साधारणपणे बी-टूची भाषा लागते आणि अभ्यासक्रमात फरक आढळला तर ज्ञानपरीक्षा किंवा तिथे राहून पूरक प्रशिक्षण करावे लागते. तोपर्यंत सहायक म्हणून काम मिळते आणि पगारही सहायकाचाच असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी आहे. त्या बातमीनंतर गल्लोगल्ली एजंट उभे राहिले. मीसुद्धा एकाकडे आगाऊ रक्कम भरली. त्याने पावतीवर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढेच लिहिले आणि सहा महिन्यांनी फोन उचलणे बंद केले. ते पैसे माझ्या आईच्या बांगड्यांचे होते. कृपया कोणीही लेखी करार न वाचता आणि जर्मन मालकाचे नाव कळल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पार्लेकर

परळकर, वाचून फार वाईट वाटले. आईला तुम्ही सांगितलेत की नाही ठाऊक नाही, पण पोलिसांत लेखी तक्रार जरूर करा आणि ती पावती जपून ठेवा.

गोरेगावकर दादा, तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो. सात महिने वेगळे राहण्याचा त्रास खरा आहे आणि बोली तिथेच कानावर पडते हेही खरे. पण इंटिग्रेशनच्या वर्गात जागा मिळेपर्यंत थांबावे लागते. तुम्ही अगदी प्राथमिक पातळीवर असाल तर तळापासून सुरुवात होते, आणि त्या वर्गाचे उद्दिष्ट बी-वनपर्यंतच असते. इथून बी-वन करून गेलेली बाई पोचल्याच्या महिन्यात बी-टूच्या किंवा नोकरीसाठीच्या भाषावर्गात बसू शकते. माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीने तेच केले आणि ती माझ्याआधी दहा महिने कामाला लागली. वर्गात शिकलेल्या भाषेवर रस्त्यावरची भाषा लवकर चढते, पाया नसेल तर ती नुसती कानावरून जाते.

याच बाबतीत माझ्याकडून जे घडले ते सांगते, कारण त्यात बोली, पुस्तक आणि आपली मराठी तिन्ही आहेत. जून २०२२ मध्ये मला पहिली मुलाखत मिळाली. फोनवर त्या गृहस्थांनी वेळ सांगितली, ‘द्रायफियर्टेल द्राय’. शब्दशः ‘तीन-चतुर्थांश तीन’. मी घाईने अर्थ लावला, की तीन वाजून पंचेचाळीस मिनिटे. मी साडेतीनला, चांगली पंधरा मिनिटे आधी, इस्त्रीची साडी नेसून त्या इमारतीच्या दारात उभी होते. मुलाखत पावणेतीनला होती. ते गृहस्थ दुसऱ्या बैठकीत गेले होते, आणि स्वागतकक्षातल्या मुलीने फक्त घड्याळाकडे पाहिले. त्या दिवशी मी घरी गाडीने गेले नाही. श्टुटगार्ट हे टेकड्यांमधल्या खोलगट वाटीत वसले आहे आणि टेकड्यांवर चढायला चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. त्यांतला एक जिना चढून मी वर जाऊन बसले आणि बराच वेळ रडले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा उमगले, की त्या भागातले लोक वेळ आपल्यासारखीच मोजतात. येणाऱ्या तासाचा किती भाग भरला, ते ते सांगतात. तिसऱ्या तासाचे तीन चतुर्थांश भरले म्हणजे पावणेतीन. तिसरा तास अर्धा भरला, ‘हाल्ब द्राय’, म्हणजे अडीच. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ वरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. मी इंग्रजीच्या घड्याळाने ऐकले म्हणून चुकले. ज्याला पाव, अर्धा आणि पाऊण ठाऊक आहे त्याने चुकायला नको होते. आता कोणीही वेळ सांगितली की मी ती आकड्यात परत म्हणून दाखवते, ‘म्हणजे चौदा पंचेचाळीस ना?’ असे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

भांडुपकर

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मनापासून आभार. आज आईला आणि सासूबाईंना शेजारी बसवून हे सर्व वाचून दाखवले. सासूबाईंनी बांगड्यांचे वाचल्यावर डोळे पुसले.

पार्लेकर ताई, अजून दोन गोष्टी विचारते. तुम्हाला शेवटी नोकरी कशी मिळाली? आणि घर, शेजार, रोजचे दिवस कसे असतात? माझे पती म्हणतात, घर मिळाले आहे पण त्यात स्वयंपाकघर नाही. मला हे समजलेच नाही.

पार्लेकर

स्वयंपाकघराची खोली असते ताई, पण ती रिकामी असते. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटे, शेगडी आणि कधीकधी दिवेसुद्धा काढून नेतो. बहुतेक वेळा जुना भाडेकरू ते सामान तुम्हाला विकायला तयार असतो, तेव्हा तुमच्या पतींना आधी त्याला विचारायला सांगा. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा कायदा आहे. आणि घरमालकाकडून राहत असल्याचा लेखी दाखला घेतल्याशिवाय चावी घेऊ नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीवर करक्रमांक, बँक, वाचनालयाचे कार्ड, सगळे अवलंबून असते.

प्रवासाचे सोपे आहे. संपूर्ण देशातल्या स्थानिक गाड्यांसाठी एकच मासिक पास आहे. तो मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला आहे. रविवारी दुकाने बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणावी लागते. फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडा, कारण बाहेरच्या बोळात धुराची सूचना देणारे यंत्र असते आणि सुक्या मिरच्यांची फोडणी त्याला सहन होत नाही.

शेजाराबद्दल मात्र मला जरा लांबण लावायची आहे. श्टुटगार्टात ‘केअरवोखे’ नावाची पद्धत आहे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडून पुसायचा, आणि मोठी पाळी आली की अंगण, पदपथ आणि तळघरसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लहान पाटी अडकवलेली असते, आणि काम झाले की तीच पाटी पुढच्या दाराला जाते. पहिल्यांदा ती पाटी माझ्या दाराला दिसली तेव्हा मला गिरगावातले आजोळ आठवले. तिथे चाळीत गॅलरी आणि मोरी धुण्याच्या पाळ्या होत्या आणि आजी पाळीच्या दिवशी पहाटेच पाणी भरून ठेवायची. मी शनिवारी सकाळी जिना घासून धुतला, कठडे पुसले, कोपऱ्यातली जळमटे काढली. खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी दार उघडून बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, की हे तू कुठे शिकलीस? मोडक्यातोडक्या वाक्यांत मी त्यांना चाळ समजावून सांगितली. त्या दिवसापासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागलो. मी चहा करायचे आणि त्या माझी वाक्ये दुरुस्त करायच्या. त्यांनी आयुष्यभर टपाल खात्यात काम केले होते. माझ्या अर्जाचे पत्र त्यांनी चार वेळा लिहून घेतले, आणि दर वेळी म्हणायच्या, की तू नम्र फार आहेस, तुला काय येते ते आधी लिही.

दिवसा मी वाचनालयात बसायचे. शहराचे मुख्य ग्रंथालय २०११ साली उघडलेली एक चौकोनी पांढरी इमारत आहे, तिच्या चार भिंतींवर ‘ग्रंथालय’ हा शब्द जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन अशा चार भाषांत लिहिला आहे. आत कोणी तुम्हाला उठवत नाही आणि काही विकत घ्यावे लागत नाही. हिवाळ्यात घरी एकटे बसण्यापेक्षा तिथे बसा. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, हे मी तिथेच वाचले, आणि का कोण जाणे, त्या दिवशी धीर आला.

आता नोकरी. रोजगार कार्यालयात नाव नोंदवल्यावर तिथल्या मार्गदर्शक बाईंनी मला एका करसल्लागाराच्या कार्यालयात दोन आठवडे बिनपगारी काम शिकण्याची परवानगी मिळवून दिली. तिथे टॅली नाही, ‘डाटेव’ नावाची प्रणाली असते, आणि खात्यांना नावांऐवजी ठरीव क्रमांक असतात. खात्यांच्या प्रचलित यादीत १००० म्हणजे रोकड, १२०० म्हणजे बँक, ८४०० म्हणजे १९ टक्के कराची विक्री. ही यादी मी एका वहीत लिहून काढली आणि गाडीत पाठ केली. तुम्हाला जीएसटीमुळे इनपुट टॅक्स क्रेडिट समजते, त्यामुळे खरेदीवरचा कर विक्रीच्या करातून वळता करण्याची तिथली पद्धत समजायला एक दुपार पुरेल. फक्त त्यांचे दर १९ आणि ७ टक्के आहेत आणि मासिक विवरण पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाते. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांनी मला आठवड्याला वीस तासांचे काम देऊ केले. आता तीस तास करते. तुमच्या कामाला किंमत आहे का असे तुम्ही विचारले होते. आहे ताई, पण ती त्यांच्या भाषेत मांडून दाखवावी लागते.

पहिला पगार हातात आला तेव्हा मी घाबरले, इतका तो कमी होता. तिथे पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ‘करवर्गा’वर ठरते. नवऱ्याला करवर्ग तीन आणि मला पाच लावला होता, आणि पाचमध्ये दरमहा कपात फार होते. वर्षअखेरीच्या विवरणात हिशेब जुळतो, पण बेकारी भत्ता आणि प्रसूतीनंतरचा पालक भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो. तेव्हा दोघांनी एकच करवर्ग, म्हणजे चार-चार, घ्यायचा का, हे नोकरी लागण्याआधीच बसून ठरवा.

माहीमकर

मी काळा घोड्याच्या माक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, नुकतीच बी-वनची परीक्षा दिली. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येकी १०० पैकी ६० गुण लागतात आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. नोकरी करणाऱ्यांसाठी हे फार सोयीचे आहे. भांडुपहून येत असाल तर सीएसएमटीहून चालत या, आणि श्रवणाच्या भागासाठी घरी रोज जर्मन रेडिओ लावून ठेवा, समजो वा न समजो.

भांडुपकर

काल रात्री आम्ही दोघे फोनवर तासभर बोललो. मी चार महिने थांबणार आहे. तेवढ्यात जितकी पातळी होईल तितकी इथे करेन आणि उरलेली तिथे जाऊन. गोरेगावकर दादांचे म्हणणेही त्यात आले. विवाह प्रमाणपत्र काढून पाहिले. माझे माहेरचे नाव बरोबर आहे, पण वडिलांच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली आहे, आणि इंग्रजीत त्यामुळे एकाऐवजी दोन अक्षरे पडली आहेत. सोमवारी अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात जाते.

अनुभवाच्या पत्राबद्दल कंपनीतल्या साहेबांशी आजच बोलले. ते म्हणाले, आमच्याकडे ठरलेला दोन ओळींचा नमुना आहे, पण तू स्वतः मसुदा लिहून आण, मी वाचून सही करतो. रात्री बसून लिहायला घेतले आणि आठ वर्षांत काय काय केले ते कागदावर आल्यावर माझे मलाच नवल वाटले. दोन पाने झाली. त्यात पगाराचा आकडा टाकावा का? आणि तारीख कोणती घालावी?

पार्लेकर

पगार टाकू नका. तिथल्या प्रशस्तिपत्रात तो नसतो. पगाराच्या पावत्या वेगळ्या जपून ठेवा. तारीख तुमच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची घाला, कारण बरीच नंतरची तारीख दिसली की पत्र भांडून मिळवले असावे अशी शंका येते. साहेबांच्या सहीखाली त्यांचे पूर्ण नाव आणि हुद्दा टंकलेला असू द्या, आणि शाईच्या सहीच्या दोन मूळ प्रती घ्या. तुमचे नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहा आणि त्यापुढे ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणून माहेरचे. मसुदा इथे टाकलात, नावे काढून, तर मी रात्री वाचून कामाच्या दर्जाचे वाक्य कुठे बसवायचे ते सांगते.